जाड टायरची विजेची सायकल : सोय किती, व्यायाम किती?

दारव्हा तालुक्यातील एक शिक्षक गेल्या महिन्यात तपासणीसाठी आले होते. वय ५२, वजन ८२ किलो, मधुमेह चार वर्षांपासून आणि जिना चढताना गुडघे दुखतात. शाळा घरापासून सहा किलोमीटरवर. जाणे-येणे मोटरसायकलने. रोज अर्धा तास चाला, असे मी त्यांना चार वर्षांपासून सांगतो आहे आणि ते चार वर्षांपासून ‘उद्यापासून नक्की’ म्हणत आहेत. या वेळी त्यांनी खिशातून मोबाईल काढून मुलाने पाठविलेले एक चित्र दाखविले. मोटरसायकलसारखे जाड टायर, मध्ये बॅटरी, पण खाली पायडलही! म्हणाले, ‘‘डॉक्टरसाहेब, ही घेतली तर गुडघ्यांना झेपेल का? आणि साखर खाली येईल का?’’

प्रश्न साधा वाटला तरी उत्तर साधे नाही. या सायकलींची किंमत आज तीस-पस्तीस हजारांपासून पुढे आहे. ज्या घरात कापूस-सोयाबीनवर वर्ष काढायचे असते, तेथे ही रक्कम लहान नव्हे. चुकीची वस्तू घेतली तर पैसाही जातो आणि व्यायामही होत नाही. म्हणून एका परिचिताची अशी सायकल आठ दिवसांसाठी मागून घेतली. थोडी मी चालविली, थोडी गुरुजींनी. जे दिसले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

ही सायकल म्हणजे काय?

साध्या सायकलला बॅटरी आणि छोटी मोटर जोडली की विजेची सायकल होते. मोटर बहुधा मागच्या चाकाच्या मध्यभागी असते. ती दोन प्रकारे मदत करते. एक, तुम्ही पायडल मारता तेव्हा मागून ढकलते. दोन, हँडलच्या मुठीत रेस असते. ती पिळली की पाय न हलविता सायकल पळते. आरोग्याच्या दृष्टीने सगळा फरक या दोन गोष्टींत आहे.

जाड टायरचा उगम आपल्याकडचा नाही. अमेरिकेतील अलास्काचा बर्फ आणि वाळवंटी भागातील वाळू यांतून सायकल चालविण्यासाठी तेथील हौशी मंडळींनी हे टायर तयार केले. २००५ साली सर्ली या अमेरिकन कंपनीने ‘पग्सली’ नावाची अशी सायकल बाजारात आणली आणि हा प्रकार पसरला. आता आपल्याकडेही ती मिळते. पुण्यातील ईमोटोराड ही २०२० साली सुरू झालेली कंपनी ‘डूडल’ नावाची जाड टायरची, घडी होणारी विजेची सायकल विकते. मी चालविलेली सायकल निराळ्या बनावटीची होती. येथे बनावटीपेक्षा तपासण्याची रीत महत्त्वाची आहे.

व्यायाम होतो का?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या सल्ल्यानुसार प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. मध्यम श्रम म्हणजे बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, इतपत दम लागणे.

गुरुजींना मी एकाच रस्त्यावर दोनदा दोन-दोन किलोमीटर चालवायला लावले. पहिल्यांदा नुसती रेस पिळून. उतरल्यावर नाडीचे ठोके मिनिटाला ८८. म्हणजे खुर्चीवर बसून वर्तमानपत्र वाचण्यापेक्षा फारसे अधिक नाही. दुसऱ्यांदा मोटरची मदत सर्वांत कमी ठेवून, पायडल मारीत. ठोके ११६. त्यांच्या वयाला मध्यम श्रमाचे ठोके साधारण १०७ ते १२८ धरतात. म्हणजे नेमके हवे तेथे! घाम आला, दम लागला, पण गुडघा दुखला नाही. कारण जोर लागतो तेथे, म्हणजे सुरुवातीला आणि चढावर, मोटरने हातभार लावला.

याचा अर्थ असा की ही सायकल औषधासारखी आहे. बाटली घरात आणून औषध लागू पडत नाही. मात्रा पोटात जावी लागते. येथे मात्रा म्हणजे पायडल. सहा किलोमीटरला सुमारे २५ मिनिटे धरली तर जाऊन-येऊन ५० मिनिटे आणि आठवड्याचे पाच दिवस धरून २५० मिनिटे होतात. वेगळा वेळ न काढता व्यायाम पूर्ण! नियमित व्यायामाने मधुमेहींची तीन महिन्यांची सरासरी साखर दाखविणारा आकडा अर्ध्या टक्क्याच्या आसपास उतरू शकतो. औषधे आणि पथ्य मात्र चालूच ठेवायचे असते. रेस पिळून गेलात तर यातले काहीच पदरात पडत नाही.

आणखी एक बारकावा. काही सायकलींत पाय नुसते गोल फिरले की मोटर पूर्ण जोर लावते. काहींत तुम्ही जितका जोर लावाल त्या प्रमाणात ती मदत करते. व्यायामासाठी दुसरी चांगली, पण महाग. पहिली घेतली तर मदत सर्वांत खालच्या पायरीवर ठेवण्याची शिस्त आपणच पाळावी लागते.

जाड टायर कोणाला हवा?

साध्या सायकलचा टायर दीड इंचाच्या आसपास रुंद असतो, हा चार इंच. टायर रुंद असला की तेच वजन जास्त जागेवर पसरते, म्हणून तो वाळूत रुतत नाही. त्यात हवाही कमी ठेवतात, म्हणून खड्ड्यांचे धक्के कमी बसतात. मुरमाच्या आणि गिट्टी उखडलेल्या रस्त्यावर माझ्या मनगटांना आणि कमरेला हा फरक स्पष्ट जाणवला. पैनगंगेच्या काठची वाळू असो की कोरडी पांदण, तेथे हा टायर उपयोगी आहे.

पण आपल्या जिल्ह्यात काळी माती आहे, हे विसरू नये. पाऊस पडला की ही माती चिकणते. वाळूत रुतणे निराळे आणि चिखल चिकटणे निराळे. रुंद टायर चिखल कमी नव्हे, अधिक उचलतो. एका पावसानंतर मी शेताच्या वाटेने गेलो तेव्हा दोनशे पावलांत टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये माती गच्च बसली आणि सायकल हाताने ओढीत आणावी लागली. ‘कोणत्याही रस्त्यावर चालते’ ही जाहिरात आपल्या पावसाळ्याला लागू नाही.

डांबरी रस्त्यावर हा टायर जड चालतो, घुंऽऽ आवाज करतो आणि बॅटरी जास्त खातो. बाभळीचा काटाही टायरची रुंदी पाहत नाही. पंक्चर झाले तर मागचे चाक मोटरच्या वायरसह सोडवावे लागते आणि चार इंचाची ट्यूब तालुक्याच्या दुकानात मिळेलच असे नाही. सायकल घेताना दोन जादा ट्यूब सोबतच घ्याव्यात.

थोडक्यात, रोजच्या वाटेचा निम्म्याहून अधिक भाग मुरमाचा, गिट्टीचा वा वाळूचा असेल तरच जाड टायर घ्यावा. यवतमाळ शहरात दत्त चौकापर्यंत जाणाऱ्याला किंवा डांबरी रस्त्याने शाळेत, बँकेत जाणाऱ्याला दोन इंचाच्या आसपासचा टायर पुरतो.

वजन, ब्रेक आणि गुडघे

जाड टायरची विजेची सायकल २५ ते ३५ किलो भरते. घरासमोर तीन पायऱ्या असतील तर ती रोज उचलणार कोण? कंबरदुखी, हर्निया किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी हा विचार आधी करावा. बॅटरी संपली तर हेच ओझे पायांनी ओढावे लागते. यवतमाळच्या बाहेर पडले की घाट आणि चढ आहेतच.

ताशी २५ किलोमीटर वेगात सायकल सेकंदाला सुमारे ७ मीटर जाते. समोर रोही किंवा रानडुक्कर आले, तर ब्रेक दाबण्याचे सुचेपर्यंतच ७ मीटर संपतात. म्हणून दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक हवेतच. कायद्याची सक्ती नसली तरी हेल्मेट घालावे. या सायकलचा आवाज नसतो. घंटी वाजवीत जावे. मागे लाल दिवा व चमकणारी पट्टी असावी.

गुडघ्यांसाठी सीटची उंची महत्त्वाची. पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ झाला पाहिजे. चवडा ठेवल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहतो, तोच योग्य. सीट खाली असेल तर गुडघेदुखी वाढते. जाड टायरच्या सायकलीत दोन पायडलांमधील अंतरही थोडे जास्त असते. काहींना त्याने मांडीच्या सांध्यात अवघडते. म्हणून दुकानासमोर एक चक्कर मारून न थांबता अर्धा तास चालवून पाहावी.

ऊन आणि बॅटरी

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. त्या दिवसांत सकाळी आठच्या आत आणि सायंकाळी सहानंतरच सायकल काढावी, पाणी सोबत ठेवावे. बॅटरीलाही ऊन सोसत नाही. उन्हातून आल्याबरोबर चार्जिंगला लावू नये, अर्धा-एक तास सावलीत निवू द्यावी. सोबत आलेलाच चार्जर वापरावा. रात्री सगळे झोपलेले असताना किंवा बाहेर पडण्याच्या दाराशी चार्जिंग करू नये. आग लागली तर वाट अडते. पडून फुगलेली वा फुटलेली बॅटरी पुन्हा वापरू नये.

३६ व्होल्ट व १० अँपिअर-तासाची बॅटरी भरायला अर्ध्या युनिटपेक्षा कमी वीज लागते. खर्च विजेचा नाही, बॅटरी बदलण्याचा आहे. काही वर्षांनी ती क्षीण होते. नव्या बॅटरीची किंमत आजच विचारून ठेवावी. ‘एका चार्जिंगमध्ये इतके किलोमीटर’ या आकड्याचा दोन-तृतीयांशच खरा धरून हिशेब करावा.

आधी डॉक्टरांना कोणी विचारावे?

छातीत दुखणे, पूर्वी हृदयविकाराचा झटका, आटोक्यात नसलेला रक्तदाब, चक्कर वा तोल जाणे, कमी दिसणे, यांपैकी काही असल्यास आधी तपासणी करावी. इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर वाटेत साखर एकदम कमी होऊ शकते. हात थरथरणे, घाम सुटणे, डोके हलके होणे ही लक्षणे दिसताच थांबून साखर किंवा गूळ खावा. खिशात पुडी असावी. पायांची संवेदना कमी झालेल्या मधुमेहींनी चपलेवर नव्हे, बूट घालून सायकल चालवावी आणि रात्री तळवे पाहावेत. आपल्या भागात सिकलसेलचे रुग्ण आहेत. त्यांनी दम लागेपर्यंत श्रम करू नयेत, उन्हात जाऊ नये आणि पाणी कमी पडू देऊ नये.

घेण्यापूर्वी पाच गोष्टी

१. मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आहे का, हे कागदावर पाहावे. पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेची मान्यता विचारावी. अशा सायकलला नोंदणी व परवाना लागत नाही. मोबाईलवर दिसणाऱ्या अमेरिकन सायकली ७५० वॅटपर्यंतच्या असतात. तशी घेतली तर ती कायद्याने मोटरवाहन ठरते.

२. मोटर बंद करून एक किलोमीटर चालवून पाहावी. अजिबात झेपत नसेल तर बॅटरी संपल्यावर काय, याचा विचार करावा.

३. आपल्या वाटेवरचा सर्वांत वाईट चढ आणि उतार तिच्यावरून करून पाहावा.

४. दुरुस्ती जवळ कोठे होते आणि ट्यूब, ब्रेकचे पॅड कोठे मिळतात, हे विचारावे.

५. स्वतःला एक प्रश्न विचारावा : मी पायडल मारणार आहे की रेस पिळणार आहे? उत्तर दुसरे असेल तर स्कूटर घ्यावी. फसवणूक तरी होणार नाही.

गुरुजींच्या सहा किलोमीटरपैकी साडेचार डांबरी निघाले. त्यांनी जाड टायरचा नाद सोडून मध्यम टायरची, पायडलला मदत करणारी सायकल घेतली. पहिल्या आठवड्यात त्यांनी दोनदा रेस पिळली, असे स्वतःच कबूल केले. नंतर मुलाने ती मूठच काढून ठेविली! तीन महिन्यांनी रक्त तपासू, तेव्हा साखरेचे काय ते कळेल. परवा मात्र ते शाळेतून परस्पर दवाखान्यात आले, शर्ट घामाने भिजलेला, आणि ‘उद्यापासून’ हा शब्द त्यांनी उच्चारला नाही.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी जुनी साधी सायकल धूळ खात पडली आहे आणि गुडघे ठीक आहेत, त्यांनी पैसे खर्च करण्याआधी तिची हवा भरून पाहावी. सपाट रस्त्यावर तोच व्यायाम ती फुकट देते.