खाऱ्या टाकीत गोडं पाणी

प्रश्न : समुद्री माशांच्या टाकीचा खर्च झेपेना, म्हणून क्लाऊनफिश मित्राला देऊन टाकले. त्याच तीन फुटी टाकीत गोड्या पाण्यातले मासे ठेवता येतील का? वाळू, दगड, फिल्टर तेच चालतील?

उत्तर : टाकी चालेल, आतलं सगळं मात्र नाही. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात वाढलेले, अमोनिया पचवणारे जिवाणू गोड्या पाण्यात तग धरत नाहीत. त्यामुळे फिल्टर जुना असला, तरी टाकी नवीच समजायची. जिवंत दगड तर मुळीच ठेवू नका. त्यातले किडे, शेवाळ मरून सडतं आणि दोन दिवसांत घरभर मासळीबाजार! तेही मित्रालाच द्या.

प्रवाळाची वाळू पाण्यात चुना सोडते. मलावी सरोवरातल्या सिक्लिडना ती मानवते, निऑन टेट्राला नाही. काचेवरची पांढरी खरखरीत पुटं व्हिनेगरने पुसा. साबणाला हात लावू नका. प्रोटीन स्किमर विकून टाका, गोड्या पाण्यात तो नीट फेसच धरत नाही.

क्लोरीन काढलेलं पाणी भरून फिल्टर चालू करा. कुणाच्या चालू गोड्या टाकीतल्या फिल्टरचा मळकट स्पंज मिळाला, तर उत्तम. रोज चिमूटभर खाद्य टाका, नव्या जिवाणूंना लागणारा अमोनिया त्यातूनच तयार होतो. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर यायला चार-सहा आठवडे लागतात. तोवर मासे आणायचे नाहीत, मुलांनी कितीही हट्ट केला तरी. पुढे सुरुवात मॉलीपासून करा.