गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी बदली स्पीकर निवडताना

गतवर्षी १४ एप्रिलच्या सायंकाळी, जयंतीच्या कार्यक्रमातील तिसऱ्या गीताला आपल्या विद्यालयाचा गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर खरखरला आणि मूक झाला. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून दिलेली ती वस्तू. दोष यंत्राचा नव्हता, आतील १२ इंची स्पीकरचा होता. पेपर हलकेच दाबला की कॉइल घासल्याचा आवाज येई. घोलवडची खारी, दमट हवा लोखंडाचे काय करते, हे वसतिगृहाच्या खिडक्यांचे गज पाहणाऱ्यांस सांगावयास नको. चुंबकाच्या अरुंद फटीतही तोच गंज साचतो.

बदली स्पीकर आणण्याचे काम माझ्याकडे आले. माझा विषय इतिहास. दुकानदाराने ‘मोठे चुंबक, २०० वॉट’ म्हणून दिलेला वूफर मी आनंदाने घेऊन आलो. मुलांनी वाजवून पाहिले, तर गिटार घोंगडीखालून वाजत असल्यासारखी वाटली आणि अर्ध्या तासात यंत्राची पाठ हात ठेववेना इतकी तापली. वर्गणीच्या पैशाचा हिशेब द्यावयाचा असतो. त्यामुळे अभ्यास करणे भाग पडले.

यंत्रामागे ‘४० वॉट, ८ ओहम’ असे छापलेले होते आणि माझा वूफर निघाला ४ ओहमचा. ट्रान्झिस्टरच्या यंत्राला ठरल्यापेक्षा कमी ओहमचा स्पीकर जोडला की ते जवळजवळ दुप्पट विद्युतप्रवाह देऊ पाहते, तापते आणि अखेर जळते. १६ ओहमचा जोडल्यास केवळ आवाज घटतो. व्हॉल्व्हच्या यंत्रात मात्र छापलेला आकडा तंतोतंत जुळवावा आणि स्पीकर न जोडता ते कधीही चालू करू नये. जुन्या स्पीकरवरील अक्षरे पुसली असतील तर मल्टिमीटर लावावा. ८ ओहमचा स्पीकर त्यावर साधारण ६ ते ७ दाखवतो, तो दोष समजू नये.

वॉटचा आकडा स्पीकरची सहनशक्ती सांगतो. ४० वॉटच्या यंत्रास ६० ते ८० वॉटचा स्पीकर पुरेसा होतो. आवाज किती मोठा येईल, हे संवेदनशीलतेवर ठरते: एक वॉट दिल्यावर एक मीटर अंतरावर किती डेसिबल. ९७ डेसिबलच्या स्पीकरकडून १०० डेसिबलवाल्याइतका आवाज काढण्यास दुप्पट वॉट लागतात. दुकानात हा आकडा आपणहून कोणी सांगत नाही, विचारावा लागतो.

घोंगडीचे कोडे उलगडले ते स्वरांच्या मर्यादेत. राइस आणि केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडलेली फिरत्या कॉइलची रचना आजही तीच आहे, परंतु कामानुसार पेपर बदलतो. गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ८२ हर्ट्झला बोलते. गिटारचा स्पीकर तेथपासून सुमारे ५००० हर्ट्झपर्यंत मोकळा वाजतो. त्यापुढे तो मंदावतो, म्हणूनच फाटलेला स्वरही कानास टोचत नाही. वूफरचा जड पेपर त्याआधीच वरचे स्वर गिळतो. याच कारणाने गिटारच्या पेटीतून भाषण करू नये. व्यंजने पुसट होतात. (आमच्या काही वक्त्यांस हे पटलेले नाही.)

दुसऱ्या खेपेस ग्रँटरोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेलो, तो जुना स्पीकर पिशवीत घेऊनच. बोल्टच्या छिद्रांमधील अंतर आणि चुंबकामागील खोली ताडून पाहिली. जुन्याचा सांगाडा व चुंबक शाबूत असल्यास कुशल कारागिराकडून कॉइल-पेपर बदलून घेणे स्वस्त पडते. आमच्या चुंबकाच्या फटीतच गंज असल्याने नवा घ्यावा लागला.

जोडताना दीड व्होल्टचा सेल स्पीकरच्या टोकांना क्षणभर लावावा. पेपर बाहेर सरकला तर सेलचे धन टोक ज्याला लागले तेच स्पीकरचे धन. बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत, अन्यथा सांगाडा पिळवटतो आणि नवी कॉइलही घासू लागते. पावसाळ्यात पेटी भिंतीपासून दूर, फळीवर ठेवावी.