चित्रांचे घर

गेल्या वर्षी तुमच्यापैकी काहींची जलरंगचित्रे आम्ही पश्चिमेच्या खिडकीसमोरील भिंतीवर मोठ्या हौसेने लावली. उन्हाळा सरला तेव्हा त्यांतील तांबडा रंग पार विटला होता. मुले हिरमुसली, चूक आमची होती. चित्राला उजेड हवा, ऊन नको, हे आम्हांस उशिरा उमगले. म्हणून आज चित्रांसाठी बांधलेल्या घराचा विचार करू.

आपल्या प्रांतातील दोन वास्तू प्रथम पाहा. कलबुर्गीचे वस्तुसंग्रहालय बहमनी काळातील दोन घुमटांत मांडलेले आहे. त्या मुळात कबरींच्या वास्तू. भिंती जाड, प्रकाश मंद. तेथे पाषाणमूर्ती शोभतात, कारण उजेड कमी असला तरी दगडाची घडण लपत नाही. चित्राचे रंग मात्र तेथे उमलणार नाहीत. बिदरचा महमूद गवानाचा मदरसा १४७२ सालचा. मध्ये चौक, सभोवती खोल्या. वाचनाला बाजूचा उजेड पुरतो. पण चित्रशाळेत खिडकी भिंतीची जागा अडविते, आणि तिचा कवडसा चित्राच्या काचेवर चकाकतो.

मग उपाय कोणता? उजेड वरून घ्यावा! सातारा जिल्ह्यातील औंध येथे, यमाईच्या डोंगरावर, राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली श्रीभवानी संग्रहालय उभारले. राजे स्वतः चित्रकार होते. दालनांत नैसर्गिक प्रकाश वरून उतरतो, त्यामुळे भिंती चित्रांसाठी मोकळ्या राहतात. राजा रविवर्मा यांची चित्रे आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांचे ‘आई व मूल’ हे शिल्प तेथे आहे. लंडनमधील डलिच येथील विद्यालयाच्या चित्रसंग्रहासाठी जॉन सोन यांनी बांधलेली वास्तू १८१७ साली लोकांना खुली झाली. तिचीही मुख्य युक्ती हीच.

ही युक्ती परकी मात्र नव्हे. आमच्या कोकणी घरात माजघराच्या छपरावर एक काचेचे कौल असे. तुमच्याकडे धाब्याला साणे असते. आजीने धान्य निवडण्यासाठी जो उजेड घेतला, तोच वास्तुकाराने चित्रांसाठी घेतला.

औंध हे लहानसे संस्थान होते. तरीही उत्तम कला राजवाड्यात कोंडून न ठेवता डोंगरावरच्या गावात सर्वांसाठी मांडता येते, हे त्याने दाखविले. आपणही यंदा चित्रे उत्तरेच्या उजेडात, उन्हापासून दूर लावू. जागा तुम्हीच शोधा. खिळे आम्ही ठोकू.