वार्धक्य, दाह आणि स्नायूंचें बळ

खेळतांना गुडघा फुटला, कीं ती जागा लाल होते, सुजते, तापते आणि ठणकूं लागते. दाहाचीं हीं चार लक्षणें रोमन लेखक सेल्सस यानें सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं नोंदून ठेविलीं आहेत. हा दाह आपला शत्रु नव्हे. जखमेकडे रक्ताचा पुरवठा वाढवून जंतूंस हटविणें व मोडलेलें सांधणें हें त्याचें काम. तें संपलें कीं तो शमतो.

परंतु वाढत्या वयाबरोबर शरीरांत दुसऱ्या प्रकारचा दाह घर करूं लागतो. तो दिसत नाहीं, ठणकत नाहीं. राखेखालच्या निखाऱ्याप्रमाणें वर्षानुवर्षें धुमसत राहतो. इटालियन शास्त्रज्ञ क्लॉडिओ फ्रान्सेस्की यांनीं इ. स. २००० मध्यें त्याकडे विद्वानांचें लक्ष वेधिलें. वार्धक्यांत स्नायू झिजतात, त्या अवस्थेस अमेरिकेंतील आयर्विन रोझेनबर्ग यांनीं १९८८ सालींच ‘सार्कोपेनिया’ हें नांव सुचविलें होतें. या दोहोंचा संबंध काय, तें पाहूं.

आपले स्नायू म्हणजे प्रथिनांची कोठीच होय. तींत रोज भर पडते आणि रोज थोडी उचलही होते. तरुणपणीं हा जमाखर्च जुळतो. दाह धुमसत असला म्हणजे रक्तांत इंटरल्यूकिन-६, ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर यांसारखे रासायनिक दूत वाढतात. ते उचल वाढवितात आणि भर मंदावितात. त्यांतच आजारपणानें माणूस अंथरुणास खिळला, तर कोठी झपाट्यानें रिती होते. पुढें खुर्चीवरून उठणें जड जातें, पाय लटपटतात आणि एखाद्या पडण्यानें स्वावलंबन कायमचें संपूं शकतें.

ही गोष्ट महाराष्ट्रास विशेष लागू आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील नवजात बालकांचीं मापें घेऊन निष्कर्ष २००३ सालीं प्रसिद्ध केले. त्या बालकांचें सरासरी वजन सुमारें २.७ किलो होतें; तुलनेसाठीं घेतलेल्या इंग्लंडमधील बालकांचें सुमारें ३.५ किलो. ही तूट स्नायूंत अधिक व चरबींत कमी होती. ज्यांची कोठी मुळांतच लहान, त्यांनीं ती बाळपणापासून भरावयास नको काय? शिवाय पोटांतील फाजील चरबीही दाहाचे दूत निर्माण करतेच.

उपाय मात्र हातचा आहे. राबणारा स्नायु दाह शमविणारीं द्रव्यें स्वतःच रक्तांत सोडतो. १९९० सालीं बोस्टन येथें नव्वदीच्या घरांतील अशक्त वृद्धांकडून आठ आठवडे वजनें उचलण्याचा व्यायाम करविला, तेव्हां त्यांच्या पायांचें बळ सरासरी दुपटीहून अधिक झालें!

चारकोपची वसाहत म्हाडानें विश्व बँकेच्या साहाय्यानें १९८० नंतरच्या दशकांत उभारली. त्या वेळीं तरुणपणीं येथें आलेले पुष्कळजण आज आजीआजोबा झाले आहेत. “आजोबा, तुम्ही बसा, मी आणतों,” असें आपण आदरानें म्हणतों. पण सदैव बसविणें ही सेवा नव्हे. डॉक्टरांचा सल्ला घेऊन त्यांना रोज कांहीं वेळां हातांचा आधार न घेतां खुर्चीवरून उठावयास सांगा, त्यांच्यासमवेत चाला, त्यांच्या ताटांत डाळ, दूध, अंडीं किंवा मासळी पुरेशी आहे ना, तें पाहा. आणि विद्यार्थिमित्रहो, मैदानावर तुम्ही आज जें बळ जोडाल, तेंच उद्यां तुमच्या म्हातारपणाची शिदोरी होईल.