इंजिन फटाके मारू लागले तर

मृगाचा पाऊस पडून गेला होता. रानाला वापसा आला होता. वापसा काही आपल्यासाठी थांबून राहत नाही, हे तुम्हांला आम्ही सांगायला नको. नेमक्या अशा वेळी शेजारगावातल्या एका घरचा ट्रॅक्टर रुसला. ट्रॅक्टर जुना, चार सिलिंडरचा. पेट्रोलवर सुरू करायचा आणि इंजिन चांगले तापले की रॉकेलवर घ्यायचा. चालता चालता तो अडखळे, आणि मग धुराड्यातून बार निघे, फट्! बैल बुजत, पोरे हसत. म्हातारे आजोबा मात्र आभाळाकडे बघत.

घरच्या नातवाने आधी नवे प्लग आणून बसवले. फरक पडला नाही. मग त्याने कार्बोरेटरचे स्क्रू फिरवले. मग प्लगच्या चारही तारा उपसल्या, ठिणगी वाटणाऱ्या डबीचा, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरचा, नट ढिला केला आणि सगळे पुन्हा जोडले. आता बार धुराड्यातून निघेना, कार्बोरेटरमधून निघू लागला. आजोबांनी हँडल मारले. हँडल उलटे आले आणि त्यांचे मनगट सुजले. आम्ही पोचलो तेव्हा ते हळद लावून ओसरीवर बसले होते.

"मशिनीनं मारलं हो मला," आजोबा म्हणाले.

मशिनीचा दोष नव्हता. आता काय झाले होते ते नीट पाहू.

इंजिनाला तीन गोष्टी हव्यात. हवेत मिसळलेले तेल हवे. ते मिश्रण दाबले गेले पाहिजे. आणि ठिणगी वेळेवर पडली पाहिजे. यांतले एक जरी चुकले तरी सिलिंडर 'मिसिंग' करतो, म्हणजे त्याची पाळी फुकट जाते. न जळलेले मिश्रण मग तापलेल्या धुराड्यात जाते आणि तिथे पेट घेते. तो मागचा बार. कार्बोरेटरमधला बार वेगळा. मिश्रण आत घेणारा व्हाल्व उघडा असतानाच आत आग लागली, तर ज्वाळा उलटी बाहेर येते. व्हाल्व अडकला, तेल कमी आणि हवा जास्त झाली, किंवा प्लगच्या तारांची अदलाबदल झाली, की असे होते. म्हणून हत्यार हातात घेण्याआधी कान लावा. बार कुठून येतो ते ओळखा. निम्मा शोध तिथेच लागतो.

दुसरे काम, चारांतला कोणता सिलिंडर आळशी आहे ते शोधायचे. इंजिन हळू चालू ठेवावे. सुक्या लाकडी मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर घ्यावा. त्याचे पाते आधी इंजिनाच्या लोखंडाला टेकवावे, आणि तसेच ठेवून प्लगच्या डोक्याला लावावे. त्या प्लगची ठिणगी बंद होते. चांगला सिलिंडर असेल तर इंजिन लगेच दबकते. आवाजात काहीच फरक पडला नाही, तर आळशी तोच. सांडलेले पेट्रोल जवळपास असताना हे करू नये. बिडी तर दूरच ठेवावी. जवळ ओले पोते आणि घमेलेभर माती असू द्या, कारण कार्बोरेटरमधून ज्वाळा आली तर ती विझवायला पाणी उपयोगी नाही. पेट्रोल पाण्यावर तरंगते आणि आग पसरते.

आता तेलाकडे बघा. गाळणीची काचेची वाटी सोडून पाहा. पावसाळ्यात तेलात पाणी शिरते. पाणी जड, म्हणून ते वाटीच्या तळाला मण्यांसारखे बसते. टाकीच्या झाकणाला बारीक भोक असते. ते चिखलाने बुजले तर टाकीत हवा जात नाही. मग तेल खाली उतरत नाही आणि इंजिन थोडे चालून बंद पडते. हे भोक काडीने मोकळे करायला पैसा लागत नाही! आणि इंजिन थंड असताना रॉकेलवर घेण्याची घाई करू नका. थंड इंजिनात रॉकेल पुरते जळत नाही. ते खालच्या वंगणात उतरते आणि वंगण पातळ होते. ट्रॅक्टर बंद करण्याआधी थोडा वेळ पुन्हा पेट्रोलवर चालवावा, म्हणजे सकाळी सुरू करताना कार्बोरेटरमध्ये पेट्रोलच असते.

प्लग काढला की त्याचे तोंड वाचा. फिका तपकिरी असेल तर ठीक. सुकी काळी काजळी असेल तर तेल जास्त जाते आहे. पांढरा फटक असेल तर तेल कमी किंवा ताप जास्त. रॉकेलच्या वासाचा ओला प्लग निघाला, तर तिथे ठिणगी पडतच नाही.

त्या घरी तिसरा प्लग ओला निघाला. पण त्याआधी नातवाने केलेला घोळ निस्तरायचा होता. त्याने चारही तारा डबीवर १, २, ३, ४ अशा ओळीने लावल्या होत्या. दिसायला बरोबरच! पण इंजिन या ओळीने चालत नाही. चार सिलिंडरांच्या पाळ्या मागेपुढे असतात. जुन्या राखाडी फर्ग्युसन ट्रॅक्टरमध्ये, जे इंग्लंडात १९४६ ते १९५६ या काळात बनत होते, हा क्रम १, ३, ४, २ असा असतो. दुसऱ्या यंत्राचा वेगळा असू शकतो, तो त्याच्या पुस्तकात बघावा. या ट्रॅक्टरचाही क्रम १, ३, ४, २ हाच होता. शिवाय नट ढिला केल्यामुळे डबी थोडी फिरली होती. ठिणगी वेळेआधी पडत होती. पिस्टन वर पोचण्याआधीच आग लागली आणि पिस्टन उलटा ढकलला गेला. हँडल उलटे आले ते त्यामुळे.

हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा, मुठीत घट्ट आवळू नये. खालून वर ओढावे, वरून खाली दाबू नये. उलटे आले तर हात आपोआप सुटतो.

आम्ही तारा क्रमाने लावल्या आणि डबी खुणेवर आणली. हे खुणेवर आणण्याचे काम जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावे. कार्बोरेटरचे बार थांबले. धुराड्यातले मात्र तसेच! म्हणजे मूळचे दुखणे अजून तिथेच होते. मग डबीचे झाकण काढून सुक्या फडक्याने पुसले आणि उजेडात धरले. आत १ आणि ३ या खुंट्यांच्या मधे केसाएवढी काळी रेघ होती. झाकण तडकले होते. दमट हवेत त्या रेघेवरून तिसऱ्याची ठिणगी पहिल्याकडे पळत होती. तिसरा उपाशी आणि धुराड्यात फटाका. नवे प्लग, स्क्रू फिरवणे, सगळी मेहनत फुकट गेली होती. एका वेळी एकच वस्तू बदलली असती आणि लगेच चालवून पाहिले असते, तर नवी दुखणी तरी जडली नसती.

तालुक्याहून झाकण यायला दोन दिवस गेले. तोवर चुलत्यांच्या बैलांनी निम्मे रान पेरले, उरलेले ट्रॅक्टरने. आता बहुतेक ट्रॅक्टर डिझेलचे असतात. डिझेल इंजिनाला ठिणगीचा प्लग आणि या तारा नसतातच, तेव्हा त्यांची दुखणी निराळी. पण पेट्रोल-रॉकेलवर चालणारे लहान पंप अजून कितीतरी विहिरींवर आहेत. त्यांना सिलिंडर बहुधा एकच असतो, म्हणून तारांचा क्रम नाही, पण तेल, प्लग आणि ठिणगी यांची तपासणी हीच.

आम्ही निघालो तेव्हा नातू प्रत्येक तारेला दोरा बांधत होता. पहिलीला एक गाठ, दुसरीला दोन, तिसरीला तीन, चौथीला चार. आणि त्याच्या आईने, जिला यंदाच अक्षरओळख झाली होती, ट्रॅक्टरच्या पत्र्यावर खडूने आकडे काढले: १ ३ ४ २.

"पावसानं पुसेल गं," आजोबा म्हणाले.

"मग रंगानं काढते," ती म्हणाली.