मागील चाकाची जुळणी
हस्तकौशल्याचे शिक्षण मिळावे म्हणून महाराज सयाजीरावांनी १८९० साली बडोद्यास कलाभवन स्थापिले. त्याच नगरीत एका जुन्या बुलेटचे मागील चाक बांधताना त्या शिक्षणाचे मोल आम्हांस उमगले. रिम जेथे उजवीकडे झुकली होती, तेथे हबच्या डाव्या बाजूचे आरे पाव फेरा आवळले, उजवे तितकेच सैल केले. घाईने एकच आरा आवळताच बाक दुसरीकडे सरकला! मग ट्यूबला टोचणारी आऱ्यांची टोके घासली. शेवटी मागील टायरच्या दोन्ही अंगांनी पुढील चाकापर्यंत दोरी ताणली आणि दोहोंकडे अंतर सारखे भरेपर्यंत आस सरकवला. चाक तिरपे राहिल्यास साखळी झिजते, आणि वेगात ते स्वाराच्या जिवावर बेतते. एका आऱ्याची चूक सारे चाक भोगते.