नंबर घालवण्याआधी चाळिशी मोजा

लेझरने चष्म्याचा नंबर घालवायचा खर्च वसूल होतो का, हा हिशेब बहुतेक वेळा चुकीच्या रकान्यात मांडला जातो. दोन्ही डोळ्यांचे मिळून 30-40 हजारांपासून लाख-सव्वा लाखापर्यंत आकडे सांगितले जातात आणि चष्म्याचे पैसे वाचतील म्हणून माणूस मनाची समजूत घालतो. ते गणित एकदा कागदावर करून पाहा. ऑपरेशनला 80,000 रुपये आणि दर दोन वर्षांनी 4,000 रुपयांचा चष्मा धरला, तर वर्षाला 2,000 वाचतात आणि रक्कम फिटायला 40 वर्षं लागतात. रोज कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचे पैसे पुष्कळ लवकर फिटतील, हे खरं. पण पंचविशीत लेझर करून घेतलेल्यालाही पुढे चाळिशी लागतेच. डोळ्यातलं नैसर्गिक भिंग वयानुसार ताठर होत जातं, म्हणून जवळचं वाचायला चष्मा लागतो. लेझरचं काम डोळ्याच्या दर्शनी पारदर्शक भागावर, म्हणजे कॉर्नियावर होतं. भिंगाला ते हातही लावत नाही. म्हणजे आपण विकत घेतो ती पंधरा-सतरा वर्षांची मोकळीक, आणि त्यानंतर फक्त लांबचं विनाचष्मा पाहण्याची सोय. ही मोकळीक कुणाला 80 हजारांच्या मोलाची वाटत असेल तर माझं काही म्हणणं नाही. सकाळी उठल्याबरोबर भिंतीवरचं घड्याळ दिसणं, पावसात गाडी चालवताना काच पुसत न बसणं, हे सुख खरं आहे. फक्त ते सुख म्हणून घ्यावं, बचत म्हणून नव्हे.

म्हणूनच वय हा या हिशेबातला सर्वांत मोठा आकडा आहे. अठरा-एकोणीसच्या मुलाचा नंबर अजून वाढत असतो. किमान वर्षभर तो अर्ध्या नंबरापेक्षा जास्त हललेला नसावा, नाहीतर पैसे भरून पुन्हा चष्मा लागतो. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना नंबर बदलू शकतो, तेव्हाही थांबावं. दुसऱ्या टोकाला, वजा दोन-अडीच नंबर असलेला चाळिशीतला माणूस चष्मा काढून सुईत दोरा ओवतो, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचतो. लेझरनंतर त्याची ही सोय जाते आणि आयुष्यात कधी न लागलेला वाचायचा चष्मा खिशात येतो. चाळिशी जवळ आलेल्यांना हे आधी नीट समजावून सांगितलं जात नसेल, तर ती मी फसवणूकच मानतो.

पैशाच्याही आधीचा प्रश्न डोळ्याच्या पात्रतेचा. 1981 साली आयबीएमच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत, मूळचे मद्रासचे रंगस्वामी श्रीनिवासन आणि त्यांचे सहकारी यांना एक्सायमर लेझरचा गुण सापडला: हा किरण आजूबाजूची पेशी न जाळता अगदी पातळ थर उडवतो. लॅसिक या लेझर पद्धतीची विद्या त्यावर उभी राहिली. मात्र उडवलेला थर परत येत नाही. कॉर्नियाची मधली जाडी सरासरी 540 मायक्रॉन, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर. एका नंबरामागे साधारण 12 ते 16 मायक्रॉन जातात. लॅसिकमध्ये वर उचलायची पापुद्र्यासारखी झडप 110 मायक्रॉनच्या आसपास असते, आणि तिच्याखाली निदान 250, अनेक डॉक्टरांच्या मते 300 मायक्रॉन शिल्लक हवेत. वजा आठ नंबर असेल तर सुमारे 120 मायक्रॉन जातील. कॉर्निया 540 चा असला तर 310 उरतात, 500 चा असला तर 270. एकच नंबर, एकच मशीन, पण 300 ची कसोटी लावली तर एका डोळ्याला चालेल आणि दुसऱ्याला नाही. मैत्रिणीचं ऑपरेशन छान झालं, हा म्हणूनच आपल्या डोळ्याचा पुरावा होत नाही.

जाडीइतकाच आकारही पाहावा लागतो. कॉर्निया मुळातच कमजोर असून शंकूसारखा पुढे येत असेल, तर त्याला केरॅटोकोनस म्हणतात. अशा डोळ्यावर लेझर केलं तर तो आणखी फुगत जातो आणि चष्म्यानेही स्पष्ट दिसेनासं होतं. नागपूरजवळच्या खेड्यांत झालेल्या एका मोठ्या पाहणीत तिशीपुढच्या माणसांमध्ये याचं प्रमाण 2.3 टक्के निघालं. त्या पाहणीची कसोटी काहीशी सैल होती, तरी आपल्याकडे हा आजार दुर्मीळ समजू नये, एवढं त्यातून नक्की कळतं. ॲलर्जीमुळे सतत डोळे चोळणाऱ्यांनी तर विशेष जपावं. केरॅटोकोनस टोपोग्राफीच्या, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा काढणाऱ्या तपासणीत दिसतो, पण मऊ लेन्स किमान दोन आठवडे आणि कडक लेन्स तीन आठवडे आधी बंद केलेल्या असतील तरच, कारण लेन्सच्या दाबाने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो. सकाळी लेन्स काढून दुपारी तपासणी आणि दुसऱ्या दिवशी ऑपरेशन, असं कुणी सुचवलं तर तिथून उठून यावं.

यावर एक आक्षेप हमखास येतो: लाखो लोकांनी करून घेतलं आणि बहुतेक खूश आहेत, मग भीती कशाला? बहुतेक खूश आहेत, हे मला पूर्ण मान्य आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने केलेल्या आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत 95 टक्क्यांहून अधिक लोकांनी समाधान सांगितलं. पण त्याच अभ्यासांत, आधी दिव्यांभोवती वलयं किंवा दुहेरी प्रतिमा असा कोणताही त्रास नसलेल्यांपैकी 46 टक्क्यांपर्यंत लोकांना तीन महिन्यांनी असा एखादा तरी त्रास सुरू झालेला होता. आधी डोळे कोरडे नसलेल्यांपैकी 28 टक्क्यांपर्यंत लोकांना कोरडेपणा जाणवत होता. रोजची कामं अडण्याइतका त्रास मात्र एक टक्क्याहून कमी लोकांना झाला. हे सगळे आकडे एकत्र वाचले पाहिजेत. दिवसा कार्यालयात बसणाऱ्याला वलयं खुपणार नाहीत, पण रात्री द्रुतगती मार्गावर समोरून दिव्यांची रांग येत असताना गाडी चालवणं हेच ज्याचं पोट, त्याला ती फार महागात पडतात. कोरडेपणासाठी खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवून पाच मिनिटं ठेवतात आणि ती किती मिलिमीटर ओली झाली ते मोजतात. किती साधी तपासणी! ती झालीच नाही तर का नाही, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. स्माइल या दुसऱ्या लेझर पद्धतीत झडप कापावी लागत नाही, छोट्याशा छेदातून काम होतं, म्हणून कोरडेपणा सहसा कमी राहतो. पण अजिबात होत नाही असं म्हणता येत नाही. जादा पैसे मशीनच्या नावासाठी मोजायचे की सावकाश, पूर्ण तपासणीसाठी, असा प्रश्न आला तर मी तपासणीच्या बाजूने आहे. सगळं पाहून ‘तुमच्या डोळ्याला हे नको’ म्हणणाऱ्या डॉक्टरांची फी कधीच वाया जात नाही.

पैसे वाचण्याखेरीज दुसरं कारण सांगितलं जातं ते लग्नाचं. स्थळं येताहेत, मुलीचा चष्मा घालवून टाका. धडधाकट डोळ्यावरची शस्त्रक्रिया पाहुण्यांच्या पसंतीसाठी होऊ नये, आणि निर्णय जिचा डोळा तिनेच घ्यावा. नोकरीचं कारण मात्र वजनदार आहे. त्यातही काही भरत्यांना लेझर चालतं, काहींना नाही: रेल्वेच्या सहायक लोको पायलट पदाला लॅसिक झालेला उमेदवार वैद्यकीय तपासणीत बाद होतो. स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी जाहिरातीतले वैद्यकीय निकष आधी वाचावेत, ऑपरेशनची तारीख नंतर घ्यावी. विम्याचंही तसंच. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींनुसार 7.5 पेक्षा कमी नंबराचा खर्च मिळत नाही.

वजा नंबराचा डोळा सहसा लांबट झालेला असतो, आणि लेझरने नंबर गेला तरी तो लांबटच राहतो. मोठ्या वजा नंबराच्या डोळ्यात पडदा फाटण्याचा किंवा सरकण्याचा धोका लेझरने कमी होत नाही. चष्मा सुटला म्हणून डोळ्यांचा दवाखानाही सुटतो, हे मला सर्वांत घातक वाटतं. वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावाच. साठीत मोतीबिंदू होईल तेव्हा आत बसवायच्या भिंगाचा नंबर ठरवताना लेझर झालेल्या डोळ्याचं मोजमाप चकवतं, आणि तेव्हा ऑपरेशनपूर्वीचे आकडे डॉक्टरांच्या फार उपयोगी पडतात. म्हणून लेझर करून घेणार असाल, तर आधीचा नंबर, कॉर्नियाची जाडी आणि टोपोग्राफी यांच्या प्रती दवाखान्यातून मागून घ्या आणि ती फाइल घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवा.